धूळपेरणी

आजी चाड्यावर मूठ धरायची तेव्हा तिचा हात बघत राहावंसं वाटायचं. बाजरीचे दाणे करंगळीच्या बाजूनं सुटायचे, मोजून दिल्यासारखे, आणि चाड्यातून नळ्यात, नळ्यातून तासात जायचे. आजोबा बैल हाकायचे. पाभर, म्हणजे चाड्याचं ते पेरणीचं औत, पुढं सरकली की मागं नुसता फुफाटा उठायचा, कारण जमिनीत ओल नावालाही नसायची. मृग अजून लागायचा असायचा. आभाळ पांढरंफटक. आणि तरी ही दोघं घरातलं चांगलं, खाण्याजोगं धान्य मातीत घालत असायची.

धूळपेरणी म्हणतात तिला. पाऊस झाल्यावर पेरायचं तर वाफसा येईपर्यंत, म्हणजे ओली जमीन पेरणीजोगी होईपर्यंत, थांबावं लागतं, आणि तेव्हा सगळ्या गावाची एकदमच घाई असते. कोरड्यात बी टाकून ठेवलं तर पहिल्या पावसापासूनच ते उगवायला लागतं. पण पाऊस लांबला तर मुंग्या दाणे ओढून नेतात, पाखरं तासं उकरतात. त्याहून वाईट म्हणजे एखादीच हलकी सर येते, कोंब वर येतो आणि मग पंधरा दिवस ऊन तापतं. मग दुबार पेरणी. दुबार पेरणी म्हणजे उसनं बी, आणि उसनं बी म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं तास घालायच्या आधी आजोबा बांधावर उभे राहून टोपी काढायचे. आजी पदर डोक्यावर घ्यायची. मग दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची. रविवारी चर्चमध्ये म्हणायचो तीच. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ ‘पृथ्वीवरही’ म्हणताना आजोबांची नजर पायाखालच्या ढेकळांवर असायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना आजीच्या ओटीत बाजरी असायची.

मी पाच-सहा वर्षांची होते. माझी पक्की समजूत होती की राज्य म्हणजे पाऊस. तो वरूनच येतो, तो आपल्या हातात नसतो, तो आला की भाकरी मिळते, आणि तो मागायचा असतो.

पुढं मी पुष्कळ ऐकलं, वाचलं, वाद ऐकले, स्वतःही घातले. देवाचं राज्य पृथ्वीवर कसं येणार, या एका प्रश्नावर ख्रिस्ती माणसांनी गेली दोन हजार वर्षं जेवढा विचार केला आहे तेवढा दुसऱ्या कमीच गोष्टींवर केला असेल. आमच्या घरातही या प्रश्नावर चाळीस वर्षं वाद चालला होता. एका बाजूला माझे बाबा, दुसऱ्या बाजूला मामा.

मामा पिंपरीला कारखान्यात होते. सुट्टीला आले की ट्रंकेतून एक गुंडाळी काढायचे आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावायचे. तो एक तक्ता होता, कापडावर छापलेला. डाव्या टोकाला एदेन बाग, मग जलप्रलय, मग सिनाय पर्वत, मध्ये वधस्तंभ, आणि त्यानंतर आपला काळ. आपल्या काळाच्या शेवटी एक बाण वर गेलेला. तो बाण म्हणजे मंडळीचं वर घेतलं जाणं. प्रभू मेघात येईल, त्याची माणसं एका क्षणात उचलली जातील, मागं राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल, मग प्रभू खाली उतरून यरुशलेमात हजार वर्षं राज्य करील. मामा बोट फिरवत सांगायचे आणि आम्ही मुलं तोंडाचा आ वासून ऐकायचो. ‘जग सुधारणार नाही,’ ते म्हणायचे, ‘बिघडतच जाणार. आपण जागं राहायचं.’

एकदा मी शाळेतून आले तर घर उघडं आणि आत कुणी नाही. चुलीवर दूध तसंच. हाक मारली, ओ नाही. शेजारच्या काकूंचं दारही उघडं, आत माणूस नाही. मला दरदरून घाम फुटला. सगळे वर गेले आणि मी एकटी राहिले, असं मला खरंच वाटलं. मी उंबऱ्यात बसून आदल्या आठवड्यात बोललेलं खोटं आठवत होते. पलीकडच्या गल्लीत कुणाची तरी गाय विहिरीत पडली होती, सगळे तिकडं धावले होते. आई आली तेव्हा मी तिला अशी धरली की तिला उलगडाच होईना. ती भीती माझ्यात पुष्कळ वर्षं होती. ज्याच्या येण्याची वाट पाहायची त्याच्याच येण्याची भीती एका लहान मुलीला वाटावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

मामांचा तक्ता किती जुना असेल असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी पहिल्या शतकातला म्हटलं असतं. प्रत्यक्षात तो विचार त्या घडीव रूपात एकोणिसाव्या शतकातला आहे. जॉन नेल्सन डार्बी या आयरिश धर्मोपदेशकानं तो मांडला, आणि 1909 साली अमेरिकेत सायरस स्कोफील्ड यांनी टिपा घालून छापलेल्या बायबलनं तो जगभर गेला. मिशनऱ्यांच्या पेट्यांतून, पुस्तिकांतून तो आपल्याकडंही पोचला.

पण हजार वर्षांच्या राज्याची आशा मात्र फार जुनी. बायबलमध्ये त्या हजार वर्षांचा उल्लेख एकाच ठिकाणी आहे, प्रकटीकरणाच्या 20 व्या अध्यायात. तेवढ्या सहा-सात ओळींवर केवढं तरी उभं राहिलं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या तुर्कस्तानात, हिएरापोलीस गावी पापियास नावाचे बिशप होते. देवाचं राज्य येईल तेव्हा काय होईल याची त्यांनी सांगून ठेवलेली आठवण पुढं इरेनेयस या बिशपांनी नोंदवली: गव्हाच्या एका दाण्याला दहा हजार ओंब्या येतील, एका ओंबीत दहा हजार दाणे, आणि एकेका दाण्याचं दहा रत्तल सफेद, स्वच्छ पीठ निघेल. नंतरच्या इतिहासकारांनी, चौथ्या शतकातल्या युसेबियस यांनी तर अगदी स्पष्ट शब्दांत, पापियास यांना बेताच्या बुद्धीचं ठरवलं. मला ते पटत नाही. भुकेल्या माणसानं देवाच्या राज्याचा विचार पिठातच केला पाहिजे. आजीला हे वाचून दाखवायचं राहून गेलं. दहा रत्तल म्हणजे किती भाकरी, हे तिनं लगेच सांगितलं असतं.

पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांनी वारं फिरवलं. आपणही एके काळी या हजार वर्षांवर तसाच विश्वास ठेवत होतो, हे त्यांनी मोकळेपणानं लिहिलं आणि मग सांगितलं की हजार हा आकडा मोजायचा नाही. ख्रिस्त आला तेव्हाच तो काळ सुरू झाला. आपण आता, या क्षणी, त्यातच आहोत. कॅथलिक मंडळी आणि पुष्कळशा प्रॉटेस्टंट मंडळ्या आजही थोड्याफार फरकानं तिथंच उभ्या आहेत.

तरी माणसाला तारीख हवी असते. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर हा शेतकरी, बाप्टिस्ट. त्यानं दानीएलाच्या पुस्तकातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरली, इसवी सनापूर्वी 457 पासून मोजली आणि शेवट 1843-44 च्या सुमारास येतो असा हिशेब मांडला. पुढं त्याच्या अनुयायांनी दिवसही ठरवला: 22 ऑक्टोबर 1844. हजारो माणसांनी त्या दिवसाची वाट पाहिली. काही शेतकऱ्यांनी पीक काढलंच नाही, शेतात तसंच राहू दिलं. प्रभू येणार आहे तर बटाटे कशाला उकरायचे! रात्र सरली. हायरम एडसन या त्यांच्यातल्याच एकानं लिहून ठेवलं आहे की आम्ही रडलो, पहाट होईपर्यंत रडत राहिलो. इतिहासात त्या दिवसाला ‘महानिराशा’ म्हणतात. लोकांनी त्यांची पुष्कळ थट्टा केली. माझ्याच्यानं ती होत नाही. शेतात उभं पीक सोडून आभाळाकडं बघणं काय असतं, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला पोटात कळतं.

बाबांचं सगळं याच्या उलट. ते शाळामास्तर. मामांचा तक्ता भिंतीवर लागला की ते उठून ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं असं की राज्य खमिरासारखं येतं. ‘एका स्त्रीने खमीर घेऊन तीन मापे पिठामध्ये लपवून ठेवले,’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाक्य त्यांच्या तोंडी कायम. शाळा म्हणजे खमीर, दवाखाना म्हणजे खमीर, आडावर सगळ्यांना पाणी भरता येणं म्हणजे खमीर. पीठ हळूहळू फुगत जाणार आणि एक दिवस सगळी पृथ्वी देवाच्या इच्छेप्रमाणे चालू लागणार. प्रभूचं येणं त्याच्या शेवटी.

हा विचारही आमच्याकडं बोटीतूनच आला होता. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले, तेच अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी. त्यांच्या पिढीला वाटत होतं की सुवार्ता जगभर पोचली की ते सोन्याचे दिवस फार लांब नाहीत. हॉल यांनी सॅम्युअल न्यूएल यांच्याबरोबर 1818 साली एक पुस्तिका काढली. जगातल्या साठ कोटी माणसांपर्यंत जायचं कसं, याचा त्यात हिशेब होता. 1826 साली नाशिककडं दौऱ्यावर असताना हॉल कॉलऱ्यानं गेले. 1831 मध्ये मिशन अहमदनगरला आलं. मागून मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार, म्हणजे फरारबाई, आल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं शिक्षण त्यांच्याकडं घेतलं. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक निघालं. जो विचार एवढं करतो त्याला नुसता भाबडा कसं म्हणायचं? माझ्या पणजोबांना ज्या शाळेनं अक्षर दिलं ती त्याच विचारातून निघाली होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला ‘तू राजाचा मुलगा आहेस’ हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगून पाटी-पेन्सिल हातात दिली होती.

बाबांना न्यूयॉर्कच्या वॉल्टर राउशनबुश यांच्याबद्दल विशेष आदर होता. गरीब वस्तीतल्या चर्चचे ते पाळक. तिथं लहान मुलांच्या अंत्यविधींनी त्यांचं काळीज पिळवटलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की देवाचं राज्य हे मेल्यानंतरचं काही नाही, ते घरभाड्यात, मजुरीत, गटारांत यायला हवं. पण तेच राउशनबुश 1918 च्या जुलैमध्ये गेले ते महायुद्ध चालू असताना. हळूहळू चांगलं होत जाणाऱ्या जगानं तोवर लाखो पोरं खंदकांत घातली होती. बाबा हे सांगायचे आणि गप्प व्हायचे.

आणि आमच्या घरातही पीठ फुगत नव्हतं. आजी सांगायची की तिच्या लहानपणी, प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा, दोन वाड्यांतली माणसं दोन बाजूंना बसायची. बाप्तिस्मा एक, भाकर एक, प्याला एक, आणि बसायची जागा मात्र गावानं वाटून दिली होती तीच. बाबांच्या तरुणपणी एका चर्चमध्ये त्यांना ‘वडील’, म्हणजे मंडळीचे कारभारी, म्हणून नेमायची वेळ आली तेव्हा कुणीतरी उठून त्यांच्या वाड्याचं नाव काढलं. बाबा ते कधी विसरले नाहीत. त्यांनी चर्च सोडलं नाही, पण त्या रविवारनंतर ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. मामांनी त्याच गोष्टीवर बोट ठेवलं. ‘दाजी, माणसाच्या हातानं राज्य येत नसतं, बघितलं ना?’ बाबा म्हणाले, ‘पाव्हणं, वर निघून जाऊन तरी कसं येईल?’

दोघांचंही खरं होतं, आणि मला कितीतरी वर्षं त्यांच्यामधून वाट सापडत नव्हती.

ती सापडायला मला केडगावनं मदत केली. पुणे जिल्ह्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली, विधवा आणल्या. माळरानावर त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, तेलघाणा घातला, छापखाना काढला. बाबांना हवं ते सगळं. आणि याच बाईंनी 1905 साली त्या मुलींना बरोबर घेऊन पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केल्या. त्या पावसाळ्यात मुक्तीत जे संजीवन झालं त्याची बातमी जगभर गेली. मुली तासन्‌तास रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. मामांना हवं ते सगळं. रमाबाईंना या दोन गोष्टींत निवड करावी लागली नाही. आयुष्याच्या शेवटी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या. 5 एप्रिल 1922 ला गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं होत आलं होतं. त्याचे खिळे जुळवले मुक्तीतल्याच मुलींनी. मी तिथं गेले होते तेव्हा बराच वेळ एका विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होते. विहीर खणणाऱ्या माणसाला कळतं की खणणं आपलं काम, पाणी नव्हे. पण न खणता पाणी मागणाऱ्या माणसाची मागणी खरी नसते.

त्यानंतर मी शब्दांकडं वळले, कारण मला दुसरं काही येत नाही; मी आयुष्यभर मराठी शिकवलं. परूशांनी, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथातल्या माणसांनी, येशूला हाच प्रश्न विचारला होता, राज्य कधी येणार. लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायात त्याचं उत्तर आहे: ‘पाहा, देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे.’ इथं मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात, तुमच्या अंतरात किंवा तुमच्या मधोमध, आणि इंग्रजी भाषांतरकारांना त्यातला एक निवडावा लागतो. काही ते मनात बसवतात, काही माणसांच्या घोळक्यात. मराठीतल्या ‘तुमच्यामध्ये’ला निवडावं लागत नाही. त्यात काळीजही येतं आणि पंगतही येते. असाच एक अरामी शब्द पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तसाच ठेवला आहे: मारानाथा. ‘मारान आथा’ असा तोडला तर ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ असा तोडला तर ‘आमच्या प्रभू, ये’. लिहिताना शब्द सलग. लहानपणी मला त्यात फक्त ‘नाथा’ ऐकू यायचं, एकनाथांच्या अभंगातल्यासारखं, कुणीतरी कळवळून मारलेली हाक. ती समजूत भाषाशास्त्रानं चूक, पण हाक मात्र खरीच होती.

आणि ‘येवो’. आमचं गाव नेवासे तालुक्यात. ज्ञानदेवांनी 1290 साली जिथं खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली ते नेवासं आमच्या बाजाराचं गाव. ‘दुरितांचें तिमिर जावो’ मला शाळेत पाठ झालं आणि ‘तुझे राज्य येवो’ घरी. दोन्हींची श्रद्धा वेगळी आहे, मी ती एक करत नाही. पण क्रियापदाचं रूप एकच. जावो, पाहो, लाहो, येवो, होवो. त्या रूपात हुकूम नाही, आणि भविष्य वर्तवणंही नाही. मामांचा तक्ता ‘येईल’ म्हणत होता. बाबांची शाळा ‘आणू’ म्हणत होती. प्रार्थना ‘येवो’ म्हणते.

आणखी एक. ती ‘आम्हांला तिकडं ने’ असं म्हणत नाही. आमच्यात माणूस गेला की ‘प्रभूघरी गेला’ म्हणतात, आणि ते सांत्वन आहेच. पण शास्त्राचा शेवट वर जाण्यात नाही. प्रकटीकरणाच्या 21 व्या अध्यायात नगरी खाली उतरते. ‘पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे, त्यांच्याबरोबर देव आपली वस्ती करील.’ मूळ शब्द तंबूचा आहे. मराठी भाषांतरकारांनी मंडप केला आणि आमच्या अंगणात लग्नघर उभं केलं. आणि ‘वस्ती’! गावातली माणसं आमच्या घरांना वस्तीच म्हणायची. ‘वस्तीवरची पोरं’ म्हणायची. देव कुठं राहायला येणार, तर वस्ती करणार. आजीला वाचता येत नव्हतं, पण हे वचन ती म्हणून दाखवायची आणि ‘वस्ती’वर थांबायची. पुढचं ‘तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील’ म्हणायला तिला कधी कधी जमायचं नाही.

नगरच्या रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, आयुष्याच्या संध्याकाळी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून एक मेळा जमवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत असं त्यांना वाटत होतं. त्याला त्यांनी नाव दिलं ‘देवाचा दरबार’. राजा आहे, तर दरबार हवा. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फारसा भरला नाही. तरी मला तो फसला असं म्हणवत नाही.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी एक सूत्र काढलं: राज्य आलं आहे आणि अजून यायचं आहे. ऑस्कर कुलमान यांनी 1946 साली, युद्ध संपल्या संपल्या, त्यासाठी युद्धाचाच दाखला दिला. निर्णायक लढाई जिंकून झाली आहे, विजयाचा दिवस उगवायचा आहे, मधल्या काळात माणसं अजून मरताहेत. युरोपातल्या माणसाला तो भिडला असणार. आमच्या नगर जिल्ह्यात हे सांगायला युद्ध लागत नाही. जूनच्या सुरुवातीला रेडिओवर सांगतात, मोसमी पाऊस केरळात दाखल. आला, यात शंका नाही. मग कोकण. मग घाट. आणि आम्ही घाटाच्या अलीकडं, पर्जन्यछायेत. ढग डोक्यावरून जातात, गार वारा सुटतो, लांब कुठंतरी वीज दिसते, आणि शिवार कोरडं ते कोरडंच. पाऊस आला आहे. आमच्याकडं यायचा आहे. दोन्ही वाक्यं खरी, एकाच दिवशी.

1972 चा दुष्काळ मला आठवतो. आजी खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला चिकटपणा नसायचा, थापताना कडा फुटायच्या. त्या भाकरीपुढंही आजोबा ‘आमची रोजची भाकर’ म्हणायचे. मिलोच्या आधीच्या वर्षी त्यांनी धूळपेरणी केली होती, ती गेली होती. त्या वर्षीही केली. ती पण गेली. मी त्यांना विचारलं होतं, का पेरता? ते म्हणाले, ‘पावसाला तोंड दाखवायला जागा नको का?’

मार्क 4 मध्ये येशू म्हणतो की देवाचं राज्य बी टाकणाऱ्या माणसासारखं आहे. तो रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं, वाढतं, आणि कसं ते त्याला कळत नाही. ‘जमीन आपोआप पीक देते, पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा.’ बाबा या दृष्टांतातला अंकुर सांगायचे आणि मामा शेवटचा विळा. मधल्या झोपेबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही. माझा विश्वास मात्र तिथंच जाऊन टेकला आहे. त्या माणसानं टाकायचं ते टाकलं आहे आणि न कळणारं देवावर सोडून तो अंग टाकून झोपला आहे.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचे शब्द गेले. पाणी मागता येईना, माझं नाव घेता येईना. पण प्रभूची प्रार्थना सुरू करून दिली की ते ती शेवटपर्यंत म्हणायचे, स्पष्ट. आणि त्यातला एक शब्द त्यांच्याजवळ सुटा राहिला. चहा आणू का? ‘येवो.’ कूस बदलायची का? ‘येवो.’ मामा पिंपरीहून एसटीनं आले, सव्वीस दिवस राहिले. तक्ता आणला नव्हता. रात्री मी दाराआड उभी राहून ऐकलं, मामा बाबांचे तळपाय चोळत होते आणि दोघं मिळून म्हणत होते, एक पुढं, एक अर्धा शब्द मागं. ‘तुझे राज्य’ इथं मामा थांबायचे, बाबांना तो शब्द एकट्यानं म्हणू द्यायचे.

बाबा मे महिन्यात गेले. मुरमाड जमीन, पहारीनं खणावी लागली. पाय पूर्वेकडं असावेत, म्हणजे उठतील तेव्हा तोंड उगवतीला असेल, हा आग्रह मामांचा. पाळकांनी करिंथकरांचं पत्र वाचलं. ‘जे विनाशीपणात पेरले जाते ते अविनाशीपणात उठवले जाते.’ शेकडो अंत्यविधींत ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी मला त्यातलं ‘पेरले जाते’ ऐकू आलं. मग ‘मातीस माती, धुळीस धूळ’ झालं. आम्ही एकेक मूठ माती टाकली. मामांची मूठ मी बघत होते. माती करंगळीच्या बाजूनं सुटत होती, हळूहळू, मोजून दिल्यासारखी.

पुढच्या पंधरवड्यात चुलतभावानं पाभर काढली. बैल आता नाहीत, ट्रॅक्टरवाल्याला सांगता आलं असतं, पण बांधाकडची पट्टी त्यानं शेजाऱ्याची जोडी आणून पाभरीनंच करायची ठरवली. चाड्यावर मला उभं केलं. बाजरी माझ्या मुठीतून कधी भसकन जायची, कधी अडकायची. भाऊ मागं न बघता म्हणायचा, ‘ताई, मूठ सैल.’ दुपारपर्यंत पट्टी झाली. मागून त्यानं फळी फिरवली, तासं झाकली गेली. आभाळात काही नव्हतं. मुंग्यांची एक ओळ बांधावरून निघालीच होती. भावानं टोपी काढली, आणि मी डोक्यावर पदर घेतला.